वेल्सच्या टेकड्या आणि दशांशाचे दप्तर

वेल्समधील पुष्कळ लहान टेकड्यांच्या माथ्यावर ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या नकाशात केवळ उंचीचा आकडा आढळतो, नाव आढळत नाही. आणि अशा अनामिक माथ्यांचा जिज्ञासू जेव्हा जुन्या महसुली दप्तराकडे वळतो, तेव्हा त्याला अनपेक्षित ठेवा गवसतो. चर्चला वस्तुरूपाने द्यावयाचा उत्पन्नाचा दशांश १८३६ च्या कायद्याने रोख आकारणीत परिवर्तित झाला, आणि तिच्यासाठी पॅरिशवार जे नकाशे व तक्ते सिद्ध झाले, त्यांत जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, मालक, कूळ, क्षेत्रफळ आणि बहुधा नावही नोंदलेले असते. हे नकाशे ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेले आहेत. माथा ज्या तुकड्यात पडतो त्याचा क्रमांक हेरून तक्त्यातील नोंद काढावयाची, एवढीच रीत.

परंतु विवेक सुटता कामा नये. ‘काय मावर’, म्हणजे ‘मोठे शेत’, अशी नोंद शेतापुरतीच; ‘ब्रिन’ किंवा ‘मिनिद’ हे टेकडीवाचक पद आले, तरच ते माथ्याचे नाव मानण्यास काही आधार मिळतो. शिवाय वेल्श न जाणणारा कारकून कानांवर पडेल तसे लिहीत असे, म्हणून त्याच्या लेखनावर भिस्त ठेवण्यापूर्वी परिसरातील वृद्ध शेतकऱ्याला विचारणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. कुंपणाबाहेरील सामायिक माळरानाबाबत मात्र हे तक्ते बहुधा मौनच पाळतात.