धरणाकाठी चाला, पण बेताने

"डॉक्टर, दिवसभर शेतात असतो, मग वेगळे चालायचे कशाला?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शेतातले श्रम उपयोगी असतातच. पण आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि मोटारीचे बटण दाबले की पाणी सुरू होते. सलग अर्धा तास पाय चालतात कुठे?

आपल्याकडे चालायला जागेची वाण नाही. बारामतीकरांना नीरा डाव्या कालव्याचा काठ आहे. इंदापूर तालुक्यात पळसदेव, कुंभारगाव, भिगवणकडे भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. धरण 1980 साली पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात. वाट सपाट, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी.

चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून मधुमेहात जेवणानंतरचे चालणे विशेष गुणकारी. रक्तदाबही आटोक्यात राहण्यास मदत होते. आठवड्याला 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास पुरे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. वेग असा की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झाली की वेड्या बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. घरी आल्यावर तळवे पाहावेत. जखम धरणाच्या पाण्याने धुऊ नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर जाणवताच खावी. पाणी ओसरलेल्या जागी वरून वाळलेला गाळ आत मऊ असतो. पक्षी किंवा जुने देऊळ जवळून पाहण्यासाठी वाट सोडू नये. उन्हाळ्यात नऊच्या आत परतावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चालताना छाती भरून येते, डावा हात किंवा जबडा दुखतो आणि थांबले की बरे वाटते, याला "पित्त" म्हणून सोडा पिऊन गप्प बसू नका. हे हृदयाचे दुखणे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. थांबूनही दुखणे राहिले, तर घरी न जाता 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. अशा वेळी सोबत कोणी असावे, म्हणून एकट्याने लांब जाऊ नये. शेजाऱ्याला हाक मारा. दोघांचेही आरोग्य सुधारेल.