बाभळीचा डाग आणि पाण्याचा रंग

प्रायमरशिवाय डाग अडवणारा बाहेरचा रंग : रंगारी, सुतार आणि दुकानदारांसाठी

संध्याकाळी रंगाऱ्याने दाराला पांढऱ्या रंगाचा दुसरा हात देऊन काम संपवावे आणि सकाळी घरमालकाचा निरोप यावा, ‘रंग फुटला, येऊन बघा.’ जाऊन पाहावे तर चौकटीवर चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी डाग. मालक म्हणतो, रंगाऱ्याने पाणी जास्त घातले. रंगारी म्हणतो, डबाच खराब होता. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. शेवटी सुताराचे नाव निघते की लाकूडच ओले दिले. या वादात मजुरी बुडते ती बहुधा रंगाऱ्याची, आणि गिऱ्हाईक तुटते ते दुकानदाराचे.

खरे पाहता या चौघांपैकी कोणीही लबाडी केलेली नसते. हा डाग लाकडाच्या पोटातून आलेला असतो. तो का येतो, कसा अडतो आणि ‘प्रायमरची गरज नाही’ असे डब्यावर लिहिलेले असेल तर त्यावर किती विसंबावे, हे धाराशिव जिल्ह्यातील आमच्या कारागीर बंधूंना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

डाग येतो कोठून?

या डागाच्या मुळाशी असलेल्या द्रव्याचे नाव टॅनिन. नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. बाभळीच्या सालीने कातडे कमावले जाते ते याच टॅनिनमुळे. आपल्या जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या उस्मानाबादी शेळीचे कातडे ज्यांनी कमावले, त्यांना बाभळीच्या सालीचे पाणी कसे तांबडे होते हे सांगायला नको. या सालीत साधारण 12 ते 20 टक्के टॅनिन असते. लाकडात ते त्याहून कमी असते, पण पांढरा रंग बिघडवण्याइतके खचितच असते.

टॅनिनचे तीन गुण लक्षात ठेवले की सारा प्रकार उलगडतो. पहिला गुण, ते पाण्यात विरघळते. पाण्याच्या रंगात पाणी भरपूर असते. हे पाणी लाकडात मुरते, टॅनिन विरघळवते आणि वाळताना त्याला घेऊन वर येते. पाणी उडून जाते, टॅनिन पृष्ठभागावर राहते. तोच डाग.

दुसरा गुण, क्षार लागला की त्याचा रंग गडद होतो. खैराचा कात विड्यात चुन्याला भेटला की तोंड लाल होते, त्यातला प्रकार हाच. पाण्याचे रंगही किंचित क्षारयुक्त असतात, म्हणून लाकडावर न दिसणारे टॅनिन रंगात उतरल्यावर डोळ्यांत भरते.

तिसरा गुण, लोखंडाशी गाठ पडली की ते काळे पडते. हिरडा आणि हिराकस मिळून काळा रंग होतो, हे जुन्या रंगरेजांना माहीत होते. चौकटीवर खिळ्याभोवती निळसर काळे वर्तुळ दिसते ते याच कारणाने. तिथे रंगाला दोष देऊन उपयोग नाही. खिळ्याचे डोके आत ठोकून, गंजरोधक लावून वर लांबी भरली पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त का?

आपल्या भागात बाभळीचे लाकूड जुन्या काळापासून बैलगाडीला, अवजारांना, खांबांना आणि चौकटींना वापरात आहे. सागवानातही रंग सोडणारी आणि तेलकट द्रव्ये असतात. शिवाय मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि मातीचा जाड थर. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लातूर आणि आपल्या जिल्ह्यातील अशी हजारो घरे कोसळली. पुढे सिमेंटची घरे आली, तरी पाडलेल्या घराचे चांगले लाकूड पुन्हा कामी लावण्याची रीत सुटलेली नाही. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे राहिलेल्या फळीत लाकडाच्या टॅनिनबरोबर धुराचा डागही मुरलेला असतो. अशी फळी नव्या दाराला लागली आणि तिला पांढरा पाण्याचा रंग दिला, की दोन्ही डाग एकदम वर येतात.

मग तेलरंगच का नको?

तेलरंगात पाणी नसते, म्हणून तो टॅनिनला जागे करत नाही. आपले रंगारी इतकी वर्षे तेलरंगाचा प्रायमर आणि त्यावर ऑइलपेंट लावत आले ते अनुभवाने, आणि ते चूक नव्हते. पण तेलरंगाचे तोटेही त्यांनीच भोगले आहेत. टर्पेंटाइनच्या वाफेने डोके धरते, एक हात वाळायला दिवस जातो, पांढरा रंग पुढे पिवळा पडतो. बाहेरच्या लाकडावर तर आणखी एक अडचण आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि आपल्या उन्हाळ्यात आकसते. तेलरंगाचा थर जसजसा जुना होतो तसतसा कडक होतो, लाकडाबरोबर हलत नाही आणि तडकतो.

पाण्याच्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर लवचिक राहतो, उन्हात टिकतो आणि ब्रश नळाखाली धुता येतो. बाहेरच्या कामाला योग्य असे शुद्ध अ‍ॅक्रिलिक इमल्शन अमेरिकेच्या रोम अँड हास कंपनीने 1953 मध्ये बाजारात आणले, तेव्हापासून जगाचा कल पाण्याच्या रंगाकडे आहे. आपल्याकडे रंगातील शिशाबाबतही कायदा झाला. 2016 च्या नियमांनुसार 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही. जुना रंग घासताना मात्र तोंडाला फडके बांधावे आणि शक्यतो ओले करून घासावे, कारण त्या जुन्या थरात शिसे असू शकते.

जुना आणि खात्रीचा उपाय

डाग अडवण्याचा सर्वांत जुना उपाय आपल्याच देशात पिकतो, तो म्हणजे चपडा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही, म्हणून चपड्याचा थर टॅनिनला ओलांडता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1849 मध्ये विल्यम झिन्सर यांनी चपड्याचा कारखाना काढला. पांढरी भुकटी मिसळलेला त्या कंपनीचा चपड्याचा प्रायमर आजही डाग अडवण्यासाठी नावाजलेला आहे. आपल्याकडे रांचीजवळ नामकुम येथे 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. पण चपडा घरातल्या कामाला उत्तम. बाहेर ऊन आणि पाऊस यांत तो ठिसूळ होतो, ओल लागली की पांढरट पडतो. म्हणून बाहेर तो गाठीवर किंवा एखाद्या डागापुरता लावावा, सबंध दाराला नाही.

एकाच डब्यात दोन कामे

आता मूळ मुद्दा. प्रायमर आणि वरचा रंग ही दोन वेगळी कामे आहेत. प्रायमरने लाकूड धरायचे आणि डाग अडवायचे. वरच्या रंगाने ऊन आणि पाऊस झेलायचा. प्रायमरशिवायचा रंग म्हणजे ही दोन्ही कामे एकाच डब्याकडून करून घेणे. ते करण्याचे मार्ग मुख्यतः दोन.

पहिला मार्ग भिंत उभारण्याचा. इमल्शनचे कण जितके बारीक आणि पाण्याला दूर ठेवणारे, तितका थर घट्ट. त्यात अभ्रक किंवा शंखजिऱ्यासारखी पापुद्र्याची भुकटी घातली की कौलांवर कौल रचावे तसे पापुद्रे बसतात आणि टॅनिनची वाट लांबते. पण थर फार घट्ट झाला तर लाकडातली ओल बाहेर पडत नाही आणि रंगाला फोड येतात.

दुसरा मार्ग पकडण्याचा. झिंक ऑक्साइड किंवा झिर्कोनियमचे क्षार टॅनिनला धरून त्याचे न विरघळणारे संयुग बनवतात. विरघळलेच नाही तर वर येणार कसे? धनभारित रेझिनही असेच काम करते, कारण रंगाच्या क्षारयुक्त पाण्यात टॅनिनवर ऋणभार असतो.

ऐकायला सोपे वाटते, पण अडचण डब्यात आहे. नेहमीच्या इमल्शनच्या कणांवर ऋणभार असतो. जस्त जास्त झाले की ते या कणांनाही धरते आणि रंग डब्यातच दाट होतो किंवा गुठळ्या धरतो. धनभारित रेझिनचा रंग केला तर दुकानातील मशीनचे नेहमीचे रंगद्रव्य त्यात घालताच तो फाटू शकतो, दुधात लिंबू पडावे तसा. शिवाय जस्ताचे प्रमाण वाढले की थर कडक होतो, म्हणजे ज्या लवचिकपणासाठी पाण्याचा रंग घेतला तोच कमी होतो. एकीकडे ओढले की दुसरीकडे सुटते, असा हा तोल आहे. म्हणून चांगला डबा स्वस्त मिळत नाही, आणि स्वस्त डब्यावर मोठा दावा दिसला तर सावध व्हावे.

दावा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘प्रायमर नको’ म्हणजे ‘एकच हात पुरे’ नव्हे. अशा रंगात पहिला हातच प्रायमरचे काम करतो. या हातावर हलका डाग दिसला तर घाबरू नये, पण तो पुरता वाळल्याशिवाय दुसरा हात देऊ नये. ओल्यावर ओले चढवले की टॅनिनला पुन्हा पाणी मिळते. ढगाळ, दमट दिवशी रंग सावकाश वाळतो आणि डाग जास्त येतो, म्हणून पावसाळ्यात टॅनिनच्या लाकडाचे काम शक्यतो घेऊ नये. फळीची कापलेली टोके आणि चौकटीचा भिंतीत व जमिनीकडे जाणारा भाग बसवण्यापूर्वीच रंगवावा. पाणी तिथूनच शिरते आणि सहा महिन्यांनी डाग घेऊन बाहेर येते.

घरच्या घरी परीक्षा

दावा खरा की खोटा हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या लाकडावर काम करायचे त्याच लाकडाचा हातभर तुकडा घ्यावा, त्याचे तीन भाग आखावेत. एका भागाला नेहमीचा पाण्याचा रंग दोन हात, दुसऱ्याला नवा रंग दोन हात, तिसऱ्याला आपला खात्रीचा प्रायमर आणि वर रंग. तोच नवा रंग काचेच्या तुकड्यावरही लावावा, म्हणजे मूळ पांढरा कसा दिसतो ते समोर राहील. एक दिवस वाळू द्यावे. मग तिन्ही भागांच्या अर्ध्या जागेवर ओले सुती फडके रात्रभर ठेवावे. सकाळी फडके काढून, वाळल्यावर काचेशी ताडून पाहावे. डाग, फोड, नखाने निघणारा थर, हे सारे डोळ्यांनी दिसते. तुकड्याच्या मागे लाकडाचे नाव, डब्याचा बॅच नंबर आणि तारीख लिहून तो जपून ठेवावा. गिऱ्हाइकाला हा तुकडा आधी दाखवला तर नंतरचा वाद बहुतांशी मिटतो.

हिशोबही करून पाहावा. नवा डबा महाग, पण प्रायमरचा खर्च आणि एका हाताची मजुरी वाचते. समजा एका दाराला प्रायमर आणि त्याच्या मजुरीचे मिळून 300 रुपये लागतात आणि नव्या रंगाने रंगाचा खर्च 200 ने वाढतो, तर फायदा 100 रुपयांचा. पण दहा दारांत एक जरी परत करावे लागले तर सारा फायदा गेला. सबब बाभळीवर आणि धुरकट जुन्या फळीवर, परीक्षेत पास झाल्याशिवाय प्रायमर सोडू नये.

दुकानदार आणि होतकरू तरुणांसाठी

दुकानदाराने हा माल विकताना गिऱ्हाइकाला आधी लाकूड कोणते ते विचारावे. डब्याची मर्यादा सांगून विकलेला माल परत येत नाही.

आमच्या तरुणांपैकी कोणी रसायनशास्त्र शिकत असेल तर त्याने या विषयाकडे जरूर पाहावे. रंगशास्त्राचे शिक्षण मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे 1933 च्या जुन्या यूडीसीटीत, आणि नागपूरच्या 1942 च्या लक्ष्मीनारायण संस्थेत मिळते. मुंबईच्या संस्थेने 2018 मध्ये जालन्यात मराठवाडा परिसरही सुरू केला. उद्योग काढायचा तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन प्रकल्पाची मर्यादा 2022 मध्ये 50 लाख रुपये झाली. या योजनेत अल्पसंख्याकांना विशेष प्रवर्गात धरून ग्रामीण भागात 35 टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच पाऊल टाकावे.

मोठ्या कंपन्या सबंध देशासाठी डबा बनवतात. बाभळीचा खांब आणि माळवदाची फळी डोळ्यांपुढे ठेवून रंग बनवायचा तर ज्याच्या हातून ही लाकडे रोज जातात त्यालाच पहिली खूण पटेल. तोवर आमचे सांगणे इतकेच : दाराला ब्रश लावण्यापूर्वी तुकड्यावर लावा. हातभर लाकूड आणि एक रात्र, एवढ्यात मजुरी वाचते आणि नावही वाचते.