चावीच्या ग्रामोफोनला पिन कोणती लावावी?

घरातला जुना ग्रामोफोन दुरुस्त होऊन आला की लगेच प्रश्न पडतो पिनेचा. तुटलेली स्प्रिंग, साउंडबॉक्समधलं कडक झालेलं रबर, ही कामं कारागिरावर सोपवता येतात. पिन मात्र दर वेळी आपल्यालाच निवडावी लागते. सगळ्या यंत्रातली ही सर्वांत स्वस्त वस्तू, पण आजोबांच्या काळची रेकॉर्ड आणखी किती वर्षं ऐकता येईल हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

पिन झिजायलाच हवी

चावीच्या यंत्रात आवाज मोठा करणारी वीज नसते. रेकॉर्डच्या चरातल्या नागमोडी वळणांमुळे पिन हलते, ती हालचाल साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पडद्याला मिळते आणि पडद्याने हलवलेली हवा कर्ण्यातून बाहेर येते. खोलीभर ऐकू येणारा सगळा आवाज असा पिनेच्या टोकावरून उचललेला असतो. त्यासाठी टोकावर भार लागतो, आणि तो साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम असतो. आजच्या एलपी प्लेयरचं काम दोन ग्रॅमच्या आसपास भागतं. पिनेचं टोक इतकं बारीक असतं, की हा भार दर चौरस सेंटिमीटरला टनाच्या हिशेबात जातो.

एवढ्या दाबाखाली पिन आणि रेकॉर्ड यांपैकी एक कोणी तरी झिजणारच. ते पिनेच्या वाट्याला यावं, अशी व्यवस्था रेकॉर्ड बनवणाऱ्यांनी केली होती. मिनिटाला 78 फेऱ्यांची रेकॉर्ड निव्वळ लाखेची नसते. लाख घटकांना धरून ठेवते; बाकी त्यात दगडाची बारीक पूड आणि काळ्या रंगासाठी काजळी असते. ही पूड पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचं टोक घासून चराच्या मापाचं करते. पुढे पिन चरात नीट बसून चालते आणि भार दोन्ही भिंतींवर पसरतो. (लाख बहुतांशी भारतातूनच जगभर जात असे. कलकत्त्याला सियालदहचा रेकॉर्डचा कारखाना 1908 साली निघाला. त्याआधी इथे मुद्रित केलेलं गाणं हॅनोव्हरला जाऊन रेकॉर्डच्या रूपात परत येई.)

एका बाजूला एक पिन

दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांच्या जरा वर चालते. तेवढ्यात साधारण अडीचशे फेरे होतात, म्हणजे पिन सव्वाशे मीटरच्या पुढे घासत जाते. गाणं संपेपर्यंत तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सपाट पैलू पडलेले असतात आणि पैलूंच्या कडा धारदार झालेल्या असतात. तीच पिन दुसऱ्या बाजूला लावली, की या कडा नव्या चराच्या भिंती तासायला लागतात. पिन काढून जरा फिरवून परत लावली तर आणखीच वाईट, कारण आता धार थेट भिंतीवर येते.

म्हणून पोलादी पिन एका बाजूला एकच, हा नियम. पिन ‘अजून चांगली दिसते’ म्हणून दोन-तीन बाजू चालवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी होती. चोरबाजारात किंवा जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर सापडणाऱ्या कितीतरी रेकॉर्डींचे चर राखाडी पडलेले दिसतात, ते या काटकसरीचं फळ. असा चर कितीही पुसला तरी परत काळा होत नाही.

लाउड, मीडियम, सॉफ्ट

चावीच्या यंत्राला आवाजाचं बटण नाही, त्याचं काम पिनेची जाडी करते. जाड आणि आखूड पिन वाकत नाही, म्हणून चरातली हालचाल जशीच्या तशी पडद्याला देते आणि आवाज खणखणीत येतो. बारीक, लांबट पिन स्वतः थोडी लवते. त्यात काही हालचाल जिरते, आवाज मऊ होतो आणि चरावरचा ताणही कमी होतो. डब्यांवर एक्स्ट्रा लाउड, लाउड, मीडियम, सॉफ्ट असे प्रकार लिहिलेले असत. काही कंपन्या मधल्या प्रकाराला हाफ टोन म्हणत.

निवड करताना रेकॉर्ड कधीची आहे ते आधी पाहावं. साधारण 1925 पर्यंत गायक भोंग्यापुढे उभा राहून गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच चर कोरला जाई. त्या चरातली वळणं मुळात सौम्य, त्यामुळे लाउड पिन शोभते. मायक्रोफोन आल्यावर चरात मंद्र आणि तार दोन्ही जास्त ताकदीने उतरू लागले. अशा रेकॉर्डींना मीडियम पुरते, कित्येकदा सॉफ्टच बरी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी दोन्ही काळांतल्या आहेत. 1930 च्या दशकातल्या रेकॉर्डी मीडियम पिनेवर ऐकाव्यात. लाउड पिनेने त्या नाजूक आवाजाला एक पत्र्याचा किणकिणाट चढतो, असं माझं मत. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एखादी दुर्मिळ रेकॉर्ड हाती लागलीच, तर ती चावीच्या यंत्रावर लावूच नये, त्याबद्दल पुढे.

जागेचाही विचार करावा. बंद खोलीत एक्स्ट्रा लाउडची गरज क्वचितच पडते. ती पिन अंगणातल्या किंवा गणपतीच्या मांडवातल्या श्रोत्यांसाठी ठीक होती.

बांबू आणि काटे

1907 च्या सुमारास शिकागोच्या फ्रेड हॉल याने बांबूच्या त्रिकोणी पिनेचं पेटंट घेतलं. ती रेकॉर्डला फार माया दाखवते: आवाज हळू आणि गोल, खरखर कमी. टोक बोथट झालं की खास कात्रीने तिरका काप द्यायचा, नवं टोक तयार. साउंडबॉक्सचं भोक त्रिकोणी असेल तरच ती घट्ट बसते, हे आधी तपासून घ्यावं. पुढे इंग्लंडमध्ये निवडुंगाच्या काट्यांच्या पिना निघाल्या. मोठ्या कर्ण्याची हातबनावटीची यंत्रं बाळगणारे तिथले शौकीन त्यांच्यावर जीव टाकत.

मात्र बांबू किंवा काटा हा सर्व दुखण्यांवरचा इलाज नव्हे. झिजलेल्या, खरखरीत चरात ही पिन अर्ध्या वाटेत मोडते, जोरकस तानेलाही कधी दगा देते. शिवाय तिला कोरडेपणा लागतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला बांबू दमट होतो आणि टोक पटकन बसतं. सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा. स्वच्छ, चांगल्या स्थितीतल्या रेकॉर्डीसाठी मला हीच पिन सर्वांत आवडते.

टंगस्टन

पुष्कळ बाजू चालेल असं सांगून पोलादी दांड्याच्या टोकाला टंगस्टनची तार बसवलेल्या पिना विकल्या जात. कल्पना चांगली होती. साधी पिन शंकूसारखी असल्याने झिजेल तशी जाड होत जाते. तार सगळीकडे सारख्याच जाडीची, म्हणून तिचं माप टिकतं. पण जुन्या डबीतली टंगस्टन पिन आधी किती चालली आहे हे कळायला मार्ग नसतो, म्हणून वापरलेली घेऊ नये.

पोलादी पिन कशाला लावायची नाही

एलपी आणि 45 फेऱ्यांच्या रेकॉर्डी व्हायनलच्या, चर अगदी बारीक. शंभर ग्रॅमच्या भाराखाली त्या एका खेपेत संपतात. पाथे कंपनीच्या जुन्या रेकॉर्डी आणि एडिसनच्या डायमंड डिस्क यांत चराची हालचाल वर-खाली असते. पाथेला गोल नीलमण्याचं टोक लागतं, एडिसनला हिरा. त्यांवर पोलादी पिन ठेवली तर गाणं जवळजवळ ऐकू येत नाही आणि चर मात्र जातो. एडिसनच्या नळीच्या फोनोग्राफचंही तसंच, त्याचं टोक वेगळं असतं.

78 ची रेकॉर्ड आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नये. भारतात या रेकॉर्डी 1960 च्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे 78 वर आली. तोवर विजेचे हलके पिकअप आलेले होते, आणि जड साउंडबॉक्सखाली त्या काळचे जोरकस चर लवकर झिजतात. अशांना सॉफ्ट पिन लावावी, तीही कधीमधी.

दुर्मिळ रेकॉर्ड असेल, तर विजेच्या टर्नटेबलवर 78 साठीच्या रुंद, साधारण 75 मायक्रॉनच्या टोकाने, तीन-चार ग्रॅम भारावर एकदा वाजवून संगणकात उतरवून घ्यावी. मग मूळ रेकॉर्ड कपाटात.

विकत घेताना आणि लावताना

नव्या पोलादी पिना आजही मिळतात, पण त्यांत फरक फार. भिंग घेऊन टोक पाहावं: ते गुळगुळीत, गोलसर आणि चकचकीत हवं. टोकाला कातर किंवा बोथट चपटेपणा दिसला तर ती डबी परत करावी. जुन्या न उघडलेल्या डब्या उत्तम, पण आत गंज नसावा. झाकणावरच्या चित्रासाठी जास्त पैसे मोजायचे ते संग्राहकांनी. पितळी कर्ण्याच्या नव्या ‘अँटिक’ यंत्रांवर कुठलीही पिन लावली तरी आवाज चांगला येत नाही. त्यांचा साउंडबॉक्स आणि टोनआर्म बेताचाच असतो.

पिन भोकात अगदी तळापर्यंत सरकवून स्क्रू बोटाने घट्ट आवळावा. सैल पिन थरथरते आणि गाण्यावर खरखर चढवते. बाजूने पाहिलं तर पिन रेकॉर्डशी साधारण साठ अंशांचा कोन करते, समोरून मात्र ती सरळ उभी दिसली पाहिजे. टोक रेकॉर्डच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर हलकेच टेकवावं, चरावर सोडू नये.

एचएमव्हीच्या 101 आणि 102 या पेटीच्या यंत्रांत कोपऱ्यात पिनांसाठी छोटी डबी असते. ती नव्यांसाठी ठेवावी. वापरलेल्या पिना झाकणाच्या वेगळ्या डबीत टाकाव्यात, कारण नुसत्या डोळ्यांनी जुनी आणि नवी पिन ओळखता येत नाही, आणि जाजमावर पडलेली पिन हमखास अनवाणी पायालाच सापडते.