सेनापतिपद आणि सेनापतित्व

शिवछत्रपतींच्या काळी सरसेनापतिपद वंशपरंपरागत नव्हते. १६७४ मध्ये नेसरीस प्रतापराव गुजर पडल्यावर हंबीरराव मोहित्यांची निवड झाली, ती कर्तृत्वावर. १७१७ मध्ये शाहू महाराजांनी हे पद खंडेराव दाभाड्यांना दिले. पुढे ते पुत्र त्रिंबकरावांकडे आले. गुजरातच्या चौथाईवरून पेशवा व सेनापती यांत तेढ वाढली आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ मराठ्यांनी मराठ्यांचेच रक्त सांडले. त्रिंबकराव पडले. पद त्यांचे बंधू यशवंतरावांस मिळाले. सेनेचे नेतृत्व मात्र बाजीरावाकडेच राहिले. म्हणूनच १७३७ च्या अखेरीस आपल्या या भोपाळात निजामाला कोंडणारा वीर सेनापती नव्हता, पेशवा होता. पेशवेपदही त्याला पित्यामागून लाभले होते, हे खरे; परंतु त्याने ते रणांगणावर सिद्ध केले.