पांढरा थर, तपकिरी पाणी आणि टीडीएसचा मीटर



पाणी हा विषय परिसर अभ्यासात पहिल्यापासून असतो. पण आज लिहायचं निमित्त वर्गातलं नाही, आमच्या सोसायटीतलं आहे. एका रविवारी पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा एक जण आला. त्याने दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमचं पाणी आधी पिवळं, मग गढूळ तपकिरी झालं, वर साका तरंगायला लागला. त्याचं पाणी होतं तसंच नितळ. "मॅडम, हे तुम्ही मुलांना पाजताय," तो म्हणाला. शेजारच्या काकूंनी त्याच संध्याकाळी हप्त्यावर मशीन बुक केलं. खरं सांगते, मीही हो म्हणायच्या बेतात होते.

नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं. ती घाण पाण्यातली नव्हतीच, कांड्यांची होती! त्यातल्या काही कांड्या लोखंडाच्या असतात. पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा साका होतो. वीज वाहायला पाण्यात विरघळलेले क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते थोडे असतात, आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही घडत नाही. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबा, तेही तितकंच तपकिरी होईल. हे मला त्या वेळी सुचलं नाही याची रुखरुख अजून आहे.

म्हणजे दोन पाण्यांत फरक होता तो क्षारांचा. हे क्षार येतात कुठून?

नाशिक शहराला मुख्यतः गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं पाणी मिळतं, शिवाय मुकणे आणि दारणेचं. त्र्यंबक-इगतपुरीकडे धो धो पडणारा पाऊस डोंगरावरून वाहत थेट धरणात येतो. त्याचा दगडाशी सहवास थोडा, म्हणून हे पाणी हलकं असतं. बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, ज्वालामुखीच्या लाव्हाचा दगड. पावसाचं पाणी मातीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी दगडाच्या भेगांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू विरघळवतं. काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात, त्यांचीही भर पडते. म्हणून एकाच बिल्डिंगमध्ये पालिकेच्या नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत इतका फरक. उन्हाळ्यात टंचाई आली की खालच्या टाकीत दोन्ही एकत्र करतात, आणि मग घरोघरी ऐकू येतं, "हल्ली पाण्याला चवच नाही."

ज्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, त्याला आपण जड पाणी म्हणतो. पाठ्यपुस्तकातला शब्द आहे दुष्फेन. फेन म्हणजे फेस. फेस धड होत नाही ते दुष्फेन, सहज होतो ते सुफेन. शब्द फोडून सांगितला की मुलं पुन्हा विसरत नाहीत.

हे वर्गात दाखवायला काहीही खर्च नाही. तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं, एकीत बोअरचं, एकीत साठवलेलं पावसाचं पाणी, तिन्हींत सारख्याच मापाने. अंगाच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून ड्रॉपरने थेंब थेंब टाका, प्रत्येक थेंबानंतर बाटली हलवा आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजा. आमच्याकडे पावसाच्या पाण्यात लगेच फेस झाला, नळाच्या पाण्याला थोडे जास्त थेंब लागले. बोअरच्या बाटलीला मात्र मोजता मोजता मुलं कंटाळली. फेस नाहीच, वर दह्यासारख्या कण्या. साबण आधी कॅल्शियमशी जुळून त्या कण्या करतो, कॅल्शियम संपलं की मग फेस. अंगाचाच साबण घ्या हं. शॅम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड घेतलंत तर जड पाण्यातही फेस होतो आणि प्रयोग फसतो. माझा पहिल्या वर्षी असाच फसला होता.

आपल्या आज्यांना ही परीक्षा प्रयोगशाळेशिवाय माहीत होती. अमक्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, तमक्या विहिरीच्या नाही. ते खरंच आहे. डाळीच्या सालीत आणि पेशींत पेक्टिन असतं, कॅल्शियममुळे ते घट्ट होतं आणि डाळ टणक राहते. चिमूटभर खायचा सोडा टाकायची पद्धत त्यातूनच आली.

पातेल्याच्या तळाचा पांढरा थरही हाच. पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना परत घट्ट होऊन खाली बसतो. त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. गिझरच्या कॉइलवर तो थर बसला की पाणी तापायला जास्त वीज लागते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्या पालकांना हे शिकवावं लागत नाही. ठिबकची छिद्रं क्षाराने बुजतात म्हणून ते नळ्यांतून आम्ल सोडतात. मात्र सगळी कठीणता उकळून जात नाही. सल्फेट आणि क्लोराइडची राहते, ती काढायला धुण्याचा सोडा किंवा सॉफ्टनर लागतो. सॉफ्टनरचं तत्त्व म्हणजे कॅल्शियम घेऊन सोडियम देणं. हा गुण झिओलाइट नावाच्या खनिजांत आहे, आणि ती आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात सहल नेलीत तर ती जरूर दाखवा.

आता मुद्द्याचं. जड पाणी म्हणजे वाईट पाणी का?

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, ५०० पर्यंत, पर्याय नसेल तर २०००. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणाने कठीणतेला मर्यादाच ठरवलेली नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतंच. त्रास होतो तो कपड्यांना, केसांना आणि गिझरला.

आमच्या नळाचा टीडीएस त्या विक्रेत्याच्याच मीटरवर दोनशेच्या खाली होता! २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये, अशा अर्थाचे निर्देश दिले होते. कारण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. टंचाईच्या एप्रिलमध्ये हे आठवून बघा.

टीडीएसचा मीटर नक्की काय मोजतो? पाण्यातून वीज किती वाहते, एवढंच. ग्लासात चमचाभर साखर विरघळवा, काटा फारसा हलणार नाही. चिमूटभर मीठ टाका, आकडा उडी मारेल. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. पावसाळ्यात टाकीत ड्रेनेजचं पाणी झिरपलं तरी आकडा छान दिसू शकतो, आणि त्याच आठवड्यात वर्गातली चार मुलं जुलाबाने गैरहजर असतात.

पालिकेच्या बारा बंगला, पंचवटी, शिवाजीनगर अशा केंद्रांत पाण्यातला गाळ बसवतात, वाळूतून गाळतात आणि क्लोरीन देतात. कठीणता काढत नाहीत, त्याची गरजही नसते. नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती हेच बघायला. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. म्हणजे इथे पिवळं पाणी चांगलं! पण टाकीचं झाकण उघडं आणि तळाला बोटभर गाळ असेल तर केंद्रातलं काम वाया. तुमची टाकी शेवटची कधी धुतली, सेक्रेटरींना विचारा.

ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांनी मात्र तपासणी करून घ्याच. शेतातल्या खतांमुळे आणि शोषखड्ड्यांमुळे नायट्रेट वाढतं. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. ते दिसत नाही, चव लागत नाही, उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना ते धोक्याचं असतं. तिथे किंवा टीडीएस खरोखर जास्त असेल तिथे आरओ उपयोगी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली नेऊ नका, निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग भरा, आणि त्याच दिवशी पोहोचवा.

काकूंचे हप्ते अजून चालू आहेत. परवा मी त्यांना साखर-मिठाचा प्रयोग करून दाखवला. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बाई, मशीन तर परत घेणार नाहीत. ते मोरीत जाणारं पाणी बादलीत धरते, लादी पुसायला होईल." आता रोज धरतात.