पात्यासमोर उभ्या असलेल्यांचा ग्रंथ

शौल राजाच्या काळी इस्राएलात लोहार नव्हता. शेजारच्या पलिष्ट्यांनी तो मुद्दामच राहू दिला नव्हता. लोहार असला की तलवारी आणि भाले घडणार, ही त्यांना धास्ती. त्यामुळे इस्राएली शेतकऱ्याला फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवून घ्यायला शत्रूच्याच भट्टीवर जावे लागे. फाळाची मजुरी दोन-तृतीयांश शेकेल चांदी. याच वजनाची, जेमतेम साडेसात ग्रॅमची कोरीव दगडी मापे पुढे उत्खननांत सापडली. लढाई उभी राहिली तेव्हा तलवार आणि भाला होता फक्त शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्यापाशी.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला हा तपशील बायबलमधल्या सगळ्या शस्त्रांची किल्ली आहे. हा ग्रंथ ज्यांच्यात घडला, ते बहुतेक काळ मिसर, अश्शूर, बाबेल आणि रोम यांच्या टाचेखाली होते. तलवारीची मूठ त्यांच्या हाती क्वचित आली. पाते मात्र पिढ्यान्‌पिढ्या समोर राहिले. ख्रिस्ती धर्मग्रंथात शस्त्राला मिळालेले अर्थ याच जागेवरून पाहिलेले आहेत.

चार अध्याय पुढे पलिष्ट्यांचा योद्धा गल्याथ येतो. त्याच्या शस्त्रांची यादी एखाद्या कोठारातल्या नोंदीसारखी आहे: पितळी शिरस्त्राण, पाच हजार शेकेल म्हणजे सुमारे पंचावन्न किलोंचे खवल्यांचे चिलखत, पायांवर पितळी पत्रे आणि सहा-सात किलोंचे लोखंडी भाल्याचे टोक. दावीदाला शौल आपले चिलखत चढवतो. पोराला चालता येईना, म्हणून तो ते उतरवून ठेवतो. ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचतो आणि गोफण घेऊन निघतो. गल्याथ पडल्यावर त्याचे डोके उडवायलाही दावीदापाशी तलवार नसते. ती गल्याथाचीच उपसावी लागते.

शौलाच्या भाल्याची गोष्ट याहून करुण आहे. तो राजाच्या हातून सुटतच नाही. दरबारात वीणा वाजवणाऱ्या दावीदावर तो फेकला जातो, पुढे खुद्द योनाथानावरही. छावणीत शौल झोपतो तेव्हा भाला उशाशी रोवलेला असतो. दावीद रात्री येऊन तो उचलून नेतो, पण शौलाला हात लावत नाही. शेवटी गिलबोवाच्या डोंगरावर शौल आपल्याच तलवारीवर पडून मरतो. भाला जितका घट्ट धरावा तितकी सत्ता निसटत जाते, हे कथाकार कुठेही बोलून दाखवत नाही. म्हणूनच ते इतके लागते.

यहोशवाचे पुस्तक मात्र डोळे झाकून ओलांडता येत नाही. यरीहो शहर पडल्यावर बायकापोरांसकट जवळजवळ सगळे तलवारीला बळी पडतात, आणि हे देवाच्या नावाने घडते. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिगेनने या लढायांचा अर्थ माणसाच्या आतल्या दुर्गुणांशी झुंज असा लावला. त्यालाही ही पाने जड गेली असणार. पण त्याच पुस्तकात, यरीहो पडण्याआधी, यहोशवाला उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. तू आमचा की शत्रूचा, असे यहोशवा विचारतो. उत्तर मिळते, दोघांपैकी कोणाचाच नाही.

यशया आणि मीखा या संदेष्ट्यांनी तलवारींचे फाळ होतील असे म्हटले, हे सर्वांना ठाऊक असते. सोव्हिएत संघाने १९५९ साली संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेला शिल्पकार वुचेतिच यांचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा आहे, त्याचा विषयही हाच. संदेष्टा योएल नेमके उलटे सांगतो, फाळांच्या तलवारी करा. ग्रंथाने ही दोन्ही वाक्ये ठेवली आहेत, आणि एकच उचलून फडकवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

नव्या करारात तलवार सर्वांत जवळून दिसते ती गेथशेमाने बागेत. अटकेच्या रात्री शिष्य सांगतात, आपल्यापाशी दोन तलवारी आहेत. येशू म्हणतो, पुरे. काही वेळाने पेत्र महायाजकाच्या दासाचा उजवा कान छाटतो. दासाचे नाव मल्ख होते, हे योहान नोंदवतो. येशूने तो कान बरा केला, हे फक्त लूक सांगतो. योहानाच्याच वृत्तान्तात पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले जाते. या दोन तलवारींवर पुढे केवढी इमारत उभी राहिली! एक आध्यात्मिक सत्तेची, दुसरी ऐहिक सत्तेची, आणि दोन्ही चर्चच्या अधिकारात, असा दावा पोप आठव्या बोनिफेसने १३०२ साली केला. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राजाच्या हस्तकांनी त्याला अनाग्नीत सशस्त्र घेरून पकडले.

इफिसकरांस पत्रात सैनिकाचा सगळा सरंजाम येतो: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या वार्तेची पादत्राणे, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण. उरस्त्राण आणि शिरस्त्राण यशयाकडून आले आहेत. तिथे ती देव स्वतः घालतो. अंगावरचे जवळपास सगळेच बचावाचे. वार करायला एकच शस्त्र, आत्म्याची तलवार, आणि तिचा अर्थ देवाचे वचन. हे लिहिणारा, परंपरेनुसार पौल, स्वतःला बेड्यांतला राजदूत म्हणवतो. त्या सरंजामाचा नमुना त्याला बहुधा पहाऱ्यावरच्या रोमी शिपायाच्या अंगावर दिसला असावा. प्रकटीकरणात तर ख्रिस्ताची दुधारी तलवार थेट मुखातून निघते.

ख्रिस्ती कलेने पात्यासमोरून पाहण्याचे हे सूत्र नेमके पकडले. पौलाच्या हातातली तलवार त्याने चालवलेली नाही. परंपरेप्रमाणे तिनेच त्याचा शिरच्छेद झाला. संत सेबास्टियनच्या अंगात रुतलेले बाण, मरियेच्या हृदयातल्या सात तलवारी, सगळी शस्त्रे झेललेल्यांची आहेत. अलेक्झांड्रियाच्या हुतात्मा संत कॅथरिनचे चाक आणि तलवार त्यांतलीच. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा सर केला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी, कॅथरिनच्या सणादिवशी, आणि शहरातल्या मुसलमानांची सरसकट कत्तल झाली. विजयाबद्दल तिच्या नावाने प्रार्थनामंदिर उभारले गेले. आज जुन्या गोव्यात उभे असलेले से कॅथेड्रल तिलाच वाहिलेले आहे. मारेकऱ्याच्या पात्याखाली गेलेल्या मुलीला तिथे जिंकणाऱ्यांची आश्रयदात्री करण्यात आले.