पैलवानाला भूल जास्त लागते का?

शाहूपुरीतल्या गप्पांत हा प्रश्न निघतोच. हुंगायच्या भुलीपुरतं उत्तर: टक्केवारी तीच!

या औषधांची ताकद 'मॅक'मध्ये मोजतात. 1960च्या दशकात भूलतज्ज्ञ एगर आणि सहकाऱ्यांनी रुळवलेलं माप. फुफ्फुसात औषधाचं जे प्रमाण असताना चिरा दिल्यावरही निम्मे रुग्ण हलत नाहीत, तो मॅक. आकडा लहान, तितकं औषध जोरकस: हॅलोथेन 0.75 टक्के, सेव्होफ्लुरेन साधारण 2. नायट्रस ऑक्साइड तब्बल 104, म्हणजे शुद्ध दिला तरी एकटा अपुराच!

वजन, उंचीनं मॅक बदलत नाही, वयानं बदलतो. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी अंदाजे 6 टक्के घट. गरोदरपणात, अंग गार पडल्यावरही उतरतो. रोज पिणाऱ्याचा मात्र चढतो. भूलतज्ज्ञ 'घेता का?' विचारतात ते उगाच नाही, पावणं!